शब्दाचा भाव

शब्दांचा बाजार असतो असे म्हटले की आम्हा कवी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण शब्द मोजून पैसे घेण्याचा व्यवहार आपल्याकडे फार जुना आहे. १८५५ मध्ये हिंदुस्थानात तारसेवा सर्वांसाठी खुली झाली आणि माणसे शब्द काटकसरीने वापरायला शिकली. 'आई आजारी, ताबडतोब निघा' एवढ्यात सगळे सांगून व्हायचे. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शब्दाला भाव मात्र राहिला, किंबहुना वाढला.

'जाहिरात' हा शब्द अरबी 'जाहिर'वरून आला. जाहिर म्हणजे उघड, सर्वांना दिसणारे. आमच्या घरातली वडीलधारी माणसे 'इश्तिहार' म्हणत. अर्थ तोच, चार लोकांना कळवणे. १७८० मध्ये कलकत्त्यात हिकीचे 'बेंगॉल गॅझेट' निघाले, त्याच्या पूर्ण नावातच 'जनरल अॅडव्हर्टायझर' असे होते. १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. या सगळ्यांची रीत एकच होती. हजारोंना ऐकवायचे, त्यातल्या ज्याला गरज असेल तो येईल. पैसे मात्र हजारोंचे मोजायचे. आमच्या आजऱ्याच्या डोंगरउतारावर दोन एकर घनसाळ पिकवणाऱ्या शेतकऱ्याला मुंबईच्या वर्तमानपत्रात चौकट घेणे परवडावे कसे?

ही रीत बदलली १९९८ मध्ये. अमेरिकेत बिल ग्रॉस या गृहस्थाने 'गो-टू' नावाची शोधसेवा काढली आणि चक्क शब्दांचा लिलाव मांडला. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात ना, तसाच प्रकार. लोक जो शब्द टाकून शोध घेतात, त्या शब्दावर जो जास्त बोली लावील त्याचे नाव वर. पैसे द्यायचे ते जाहिरात दिसली म्हणून नव्हे, तर कोणी ती उघडली तरच. उत्तर विकत मिळते म्हणून यावर टीकाही झाली. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये गुगलने साडेतीनशे ग्राहक घेऊन 'अॅडवर्ड्स' सुरू केले आणि २००२ मध्ये लिलावाची पद्धत स्वीकारली. त्यात दोन सुधारणा केल्या. बोलीबरोबरच ती जाहिरात किती जण उघडतात हेही मोजायचे. आणि जिंकणाऱ्याने आपली पूर्ण बोली न देता खालच्याला मागे टाकण्यापुरतेच पैसे द्यायचे. अशा तऱ्हेच्या लिलावाचे गणित विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्येच मांडले होते. त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळाले.

पहिली सुधारणा लहान माणसाच्या फायद्याची ठरली. शब्द नेमका असेल, तर थैली लहान असूनही जागा मिळते. 'तांदूळ' या शब्दावर मोठमोठ्या कंपन्या बसलेल्या. तिथे बोली लावणे म्हणजे हत्तीशी ऊस खायची पैज. पण 'आजरा घनसाळ नवा तांदूळ पाच किलो' असे कोणी शोधत असेल, तर ती माणसे थोडी, पण घ्यायला निघालेली. बोली लावणारेही थोडे, म्हणून भाव कमी. गुगलने सांगितले आहे की रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के आधी कधीच आलेले नसतात. म्हणजे बड्यांची नजर न पोहोचलेले कोपरे रोज नवे तयार होतात.

हे कोपरे शोधायचे कसे? २०१३ पासून गुगलचे 'कीवर्ड प्लॅनर' आहे. एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो आणि बोली कुठवर जाते, ते त्यात कळते. २००६ पासूनच्या 'ट्रेंड्स'मध्ये शोधाचा हंगाम दिसतो. पण सगळ्यांत चांगली वही गिऱ्हाईकाच्या तोंडात असते. पुण्याची गृहिणी 'घनसाळ' म्हणेलच असे नाही. ती 'वासाचा तांदूळ' म्हणेल, 'खिरीसाठी तांदूळ' म्हणेल, आणि मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत चार तऱ्हांनी लिहील. या चारही तऱ्हा टिपून ठेवाव्या लागतात. नको असलेले शब्दही वगळावे लागतात. नुसता 'आजरा' हा शब्द घेतला, तर एसटीचे वेळापत्रक किंवा पावसाचा आकडा बघणाराही तुमच्या दारात येऊन जाईल आणि त्याचे पैसे तुमच्या खिशातून जातील.

आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पोत्यावर हे नाव कोणी लिहावे, याला त्या कायद्याचे कुंपण आहे. शोधातल्या शब्दाचा लिलाव मात्र उघड्या माळावर चालतो. ज्याच्या शेतात घनसाळची एक लोंबी नाही तोही त्या शब्दावर बोली लावू शकतो. नावाला मागणी वाढली की असे बोली लावणारे वाढतील, भावही चढेल. म्हणून एकेकट्या शेतकऱ्याने हात घालण्यापेक्षा गटाने, संघाने हे काम हाती घ्यावे, असे मला वाटते.

नावाची किंमत काय असते, ते २०२५ च्या जूनमध्ये दिसले. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच मानांकन मिळाले होते. आपल्याकडे ओरड झाली, तेव्हा कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले. ओरड होऊ शकली, कारण 'कोल्हापुरी' हा शब्द जगाच्या ओठांवर होता.

घनसाळचे तसे नाही. आज हा शब्द स्वस्त मिळतो तो शोधणारे थोडे म्हणून. शेतकऱ्याला ही संधी आहे, पण तो इशाराही आहे. कवितेत नेमका शब्द फार महाग पडतो, रात्र रात्र जागवतो. या बाजारात मात्र नेमका शब्दच स्वस्त आहे. पण तो कुणाला तरी ठाऊक असला पाहिजे. आपली मुले दुकानात जाऊन नुसता 'राईस' मागू लागली, तर घनसाळ शोधणार कोण? आणि ज्या शब्दाला कोणी शोधत नाही, त्याचे पीकही फार दिवस शेतात टिकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)