वातानुकूलन तंत्रज्ञ : अपघात नुकसानभरपाई

एसी बसविणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कामगाराला कामाच्या ओघात इजा किंवा मृत्यू आल्यास मालकाने द्यावयाची रक्कम. भारतात तिचा पाया १९२३ चा कायदा. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो सामावून घेतला. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य.

या धंद्यातले धोके उघड आहेत. खिडकीबाहेर लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेल्या आउटडोअर युनिटपर्यंत कारागीर सज्ज्यावर पाय टेकवून पोहोचतो; सेफ्टी बेल्ट क्वचितच असतो. वीज तोडल्यावरही कपॅसिटर झटका देतो आणि आर-३२ वायू पेट घेऊ शकतो.

१९२३ च्या कायद्यानुसार कायम पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तिसाव्या वर्षी गुणक २०७.९८, २०२० पासूनच्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर रक्कम १८,७१,८२० रुपये होते. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरून तेवढाच हिस्सा मिळतो. महिन्याभरात पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज चढते. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला मात्र भरपाई त्या योजनेतूनच मिळते.

कंपनीने आपले काम ठेकेदाराकडून करून घेतले तरी तिची जबाबदारी टळत नाही. खरी अडचण नाक्यावरच्या सुट्या मेकॅनिकची : त्याला मालकच नसतो आणि ज्याच्या घरी तो पडला तो गृहस्थ सहसा कायद्याच्या कक्षेत येत नाही.