एक टीम मराठा, एक टीम फिरंगी

मंडळी, गेल्या रविवारी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली गोळी खाल्ली. उजव्या मांडीवर. रंगाची होती म्हणून हे लिहायला बसलोय. पण रुपयाएवढा काळानिळा डाग अजून आहे आणि जिना चढताना आठवण करून देतो.

झालं असं, की माझ्या भाच्याच्या ग्रुपला पेंटबॉल खेळायचं होतं. कळंब-राजोडीच्या बाजूला आता रिसॉर्टांची कमी नाही, त्यातल्याच एका ठिकाणी मैदान आहे. त्यांना दहा जण हवे होते आणि नऊच झाले. भाचा म्हणाला, "मामा, तू ये ना, नुसतं उभं राहायचं." पत्रकाराला नुसतं उभं राहायची सवय असतेच. गेलो.

मैदान म्हणजे एकेकाळची वाडी. कडेला अजून नारळ-सुपारीची झाडं उभी आहेत. एका कोपऱ्यात बावखल आहे, अर्धं भराव टाकून बुजवलेलं. लपायला टायरचे ढीग, पत्र्याची पिंपं आणि सुपारीच्या फळ्यांचे आडोसे केलेत. या वाडीत माझ्या लहानपणी केळी होती. म्हणजे जिथे आपली सुकेळी वाळायची, तिथे मी बंदूक घेऊन उभा.

बंदूक म्हणजे माझ्यासाठी निर्मळच्या यात्रेतली टिकल्यांची बंदूक. कार्तिक वद्य एकादशीला यात्रा सुरू झाली की वडिलांचा हात ओढत त्या पालापर्यंत जायचं, बाकी मिठाई-भांडी आईने बघावीत. ही बंदूक वेगळी. वर गोळ्यांचा डबा, मागे गॅसची टाकी. गोळी साधारण 17 मिलीमीटरची, बाहेरून जिलेटिनचं कवच, आत पाण्याने धुतला जाणारा रंग. ती सेकंदाला 300 फुटांहून जोरात सुटू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणजे ताशी जवळजवळ 330 किलोमीटर. त्यामुळे पहिला नियम एकच: काही झालं तरी मैदानात तोंडावरचा मास्क काढायचा नाही. दुसरा नियम, गोळी लागून रंग फुटला की हात वर करून गुपचूप बाहेर.

नियम सांगून झाल्यावर मार्शलने टीम पाडल्या. पोरगा बाहेरगावचा, पण हुशार. म्हणाला, "वसई आहे ना? मग एक टीम मराठा, एक टीम फिरंगी. किल्ल्यासारखं खेळायचं." सगळे खूश. मग फिरंगी कोण, यावर थोडी ढकलाढकली झाली. तेवढ्यात एकाने भाच्याच्या मित्राला खांद्याला धरून पुढे केलं, "हा घ्या, आपल्याकडे आयता फिरंगी आहे की!"

सगळे हसले. मीही हसलो. तो मुलगाही हसला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला.

हा मुलगा आपल्याच पट्ट्यातला. सामवेदी ख्रिस्ती घरातला. त्याची आजी लाल लुगडं नेसायची, घरात त्यांची ती बोली चालते, जी शेजारच्या सामवेदी ब्राह्मणांच्या घरातही चालते. शाळा मराठी माध्यमाची. भाच्याबरोबर लहानपणापासून माझ्या घरी येऊन वरण-भात जेवणारा, मला मामा म्हणणारा.

मी पहिल्या तीन मिनिटांतच बाद झालो. गुडघा वाकवून पिंपामागे बसलो आणि उठताच येईना. मांडी पुढे राहिली, तिच्यावर गोळी बसली. हात वर करून जाळीबाहेरच्या बाकड्यावर आलो. थोड्या वेळाने तोही बाद होऊन शेजारी येऊन बसला. मास्क काढला, पाणी प्यायला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, तुम्ही इतिहासावर लिहिता ना. 1739 साली आमची माणसं कुठे होती हो?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. वीस-बावीस वर्षं या भागात बातमीदारी करतोय, दरवर्षी मे महिन्यात वसई विजयावर लेख लिहितो. त्यातल्या एकाही लेखात हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. घरी येऊन पुस्तकं काढली. हे लिखाण म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

सुरुवातीपासून सांगतो. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 साली वसई पोर्तुगीजांना दिली. तिथपासून 1739 पर्यंत, म्हणजे 205 वर्षं त्यांचा अंमल. एवढ्या काळात माणसांच्या सात-आठ पिढ्या होतात. या काळात इथल्या कित्येक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म घेतला. कोणी मनाने, कोणी दबावाने, कोणी जमीन आणि जीव सांभाळण्यासाठी. कोणत्या घरात काय झालं हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण शेतं तीच राहिली, बोली तीच राहिली. जहाजातून आलेले पोर्तुगीज मूठभर होते आणि ते मुख्यतः किल्ल्याच्या भिंतीआड राहत. वाडीत रहाट हाकणारा माणूस इथलाच होता.

आता दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवी. पोर्तुगीज राजवट धर्माच्या बाबतीत जाचक होती. देवळं मोडली गेली, हिंदूंच्या सण-विधींवर बंधनं आली. आपलं निर्मळ तीर्थही त्यातून सुटलं नाही, मराठी अमलात ते पुन्हा उभं राहिलं. हा जाच असह्य झाला म्हणूनच अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारखी माणसं पेशव्यांकडे खेटे घालत राहिली. वसईची मोहीम पुण्यात बसून कोणाच्या डोक्यात आली नाही, तिची हाक इथल्या मातीतून गेली होती. हे विसरून "सगळं कसं गुण्यागोविंदाने चाललं होतं" असं लिहिणं म्हणजे खोटेपणा.

मोहीम 1737 च्या मार्चमध्ये ठाण्यापासून सुरू झाली. त्याच वर्षी अर्नाळा मराठ्यांकडे आला. 1739 च्या सुरुवातीला तारापूर पडलं, तिथे बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मग फेब्रुवारीपासून वसईच्या किल्ल्याला घट्ट वेढा.

किल्ला ज्यांनी नीट पाहिलाय त्यांना कळेल, तिन्ही बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. जमिनीवरून यायचं तर उत्तरेकडूनच, आणि तिकडे रेती. रविवारी मी तीस फूट मोकळ्या जागेतून पिंपापर्यंत पळालो तेव्हा पाय जड झाले होते. समोरून येत होता तो नुसता रंग. त्या रेतीत मोर्चे खणत, वरून तोफा-बंदुकांचा मारा झेलत माणसं तीन महिने पुढे सरकली. तटाखाली सुरुंग पेरले. काही सुरुंग उडाले नाहीत, काही उडाले ते आपल्याच माणसांवर. शेवटी मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं आणि किल्लेदाराने पांढरं निशाण दाखवलं. ग्रँट डफने आकडे दिलेत: किल्ल्यातले मेलेले-जखमी आठशे, आणि चिमाजी अप्पांनी मान्य केलेलं स्वतःच्या बाजूचं नुकसान पाच हजारांवर.

पाच हजार. आपण दरवर्षी फुलं वाहतो ती चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला. या पाच हजारांतल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत?

आणि आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. किल्ला पडल्यावर झालं काय? कत्तल झाली नाही. तह झाला. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, निशाणं फडकवत, ढोल वाजवत बाहेर पडू दिलं. ज्यांना सामानसुमान घेऊन जायचं त्यांना मुदत दिली, ते गलबतांत बसून गेले. आणि जे ख्रिस्ती इथे राहू इच्छित होते त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक तहातच कबूल केली, काही चर्च त्यांच्यासाठी राखून ठेवायचं ठरलं. पाच हजार माणसं गमावलेला सेनापती ही अटी मान्य करतो, हे मला बुरुज पडण्याइतकंच मोठं वाटतं.

म्हणजे फिरंगी होते ते 1739 सालीच गेले. जे राहिले ते इथले होते. त्यांनी त्यानंतर मराठ्यांना सारा भरला, 1780 च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डच्या इंग्रजी तोफा ऐकल्या, सालबाईच्या तहानंतर पुन्हा मराठी अंमल पाहिला. 31 डिसेंबर 1802 ला याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशवाई गहाण टाकली, तेव्हाही ते शेजारच्या वाडीत केळीला पाणी देत होते. निशाण चार वेळा बदललं, रहाट तोच फिरत राहिला.

विजयाच्या खुणा मात्र लांबवर गेल्या. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्या आज महाराष्ट्रभर देवळांत टांगलेल्या आहेत. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा बघा, तिच्यावर 1721 हे साल आहे. चर्चसाठी ओतलेली घंटा आज गोदावरीकाठी शंकरासमोर वाजते. तिला कोणी फिरंगी म्हणत नाही. नाशिककरांची घंटा आहे ती. मग माणसालाच आपण पावणेतीनशे वर्षांनंतरही का म्हणतो?

वसईला थर मोजायचेच असतील तर खूप आहेत. सोपाऱ्यात 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरून काढला, अशोकाचे शिलालेख तिथेच सापडले. वसईतच जन्मलेले, इथल्याच आईचे पुत्र गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर गेले आणि 1862 साली संत ठरले. आणि अगदी अलीकडचं, आपल्या डोळ्यांदेखतचं: फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता'चे संपादक, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले, 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 2024 साली ते गेले तेव्हा आपल्या भागात सगळ्या आळ्यांतून हळहळ व्यक्त झाली. सांगा, टीम पाडायची झाली तर त्यांना कुठे उभं करणार होतात?

जाता जाता या खेळाचाही इतिहास सांगतो, कारण तो मला गमतीचा वाटला. ही बंदूक मुळात माणसांवर रोखायला बनलीच नव्हती. अमेरिकेत जंगलखात्याची माणसं तोडायच्या झाडांवर लांबून खूण करायला आणि गुराखी गुरांवर खूण करायला ती वापरत. 27 जून 1981 ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जणांनी तिचा पहिला खेळ खेळला. लपतछपत फिरून निशाणं गोळा करायची, असा खेळ. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा माणूस, पेशाने रानातल्या झाडांचं काम करणारा. आणि तो एकही गोळी न झाडता जिंकला. रान ओळखीचं होतं, तेवढं पुरलं.

म्हणजे मूळ काम खूण करायचं. रविवारी आम्ही तेच केलं. एका पोरावर खूण केली. त्याच्या शर्टावरचा हिरवा रंग घरी जाऊन एका धुण्यात गेला असेल. "आयता फिरंगी" हा डाग किती धुण्यांत जातो, मला माहीत नाही. बोलणाऱ्या मुलाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याला तो शब्द कुठून सुचला? आमच्यासारख्यांच्या लेखांतून, भाषणांतून, मे महिन्यातल्या बॅनरांवरूनच ना? आणि मी त्या वेळी टोकायच्या ऐवजी हसलो, हे तर माझं मलाच टोचतंय.

काल संध्याकाळी तो मुलगा निर्मळच्या तळ्यावर भेटला. त्याला थोडक्यात एवढं सांगितलं, "1739 साली तुमची माणसं इथेच होती. आमचीही इथेच होती. गेले ते दुसरेच." तो म्हणाला, "आजी हेच सांगायची, फक्त सालं तिला माहीत नव्हती." मग म्हणाला, "पुढच्या रविवारी परत जातोय, येता का?" मी मांडी दाखवली. पण जाणार आहे. फक्त टीमची नावं या वेळी मी ठेवणार. केळी विरुद्ध नारळ.

एक विनंती. तुमच्या घरात 1739 च्या आसपासच्या, किंवा आजी-आजोबांकडून ऐकलेल्या त्याआधीच्या गोष्टी असतील, कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही आळीतल्या, तर मला कळवा. वाड्यांची आणि बावखलांची जुनी नावंही चालतील. आपल्याकडे किल्ल्याच्या आतला इतिहास भरपूर लिहून झालाय, भिंतीबाहेरचा अजून तसाच पडून आहे. बावखलं बुजताहेत आणि सांगणारी माणसंही एकेक करून जाताहेत, म्हणून लवकर कळवा.