छापावर फिरलेला कुंचला

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की अक्षीच्या पुढे नागाव येतं. इथल्या माडा-पोफळीच्या वाड्यांत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांमधून हल्ली कॅनव्हासवर छापलेली चित्रं लावलेली असतात. अशा छापावर कुणी हौसेने खरा रंग चढवला, तर बघणारा पटकन म्हणतो, "म्हणजे हे नकली!" हा निवाडा घाईचा आहे. छापावर हाताने रंगवण्याची कारागिरी अडीचशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्या कुळात आपल्या घरांनाही मानाचं पान आहे.

तिचा एक जुना पूर्वज इंग्लंडमधला. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात 1770च्या दशकात फ्रान्सिस एगिंटन गाजलेल्या चित्रांचे छाप काढून ते कॅनव्हासवर उतरवत असे आणि मग त्यांवर तैलरंगाचे हात देऊन चित्रं पुरी होत. हा धंदा काही वर्षांतच गुंडाळावा लागला.

पुढच्या शतकात आलेल्या ओलिओग्राफने वाट बदलली. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छपाई, वर वार्निश आणि कागदावर दाबून उठवलेली कॅनव्हासची वीण. कुंचला न लावता तैलचित्राचा भास! बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी 1884 मध्ये राजा रविवर्म्यांना सुचवलं होतं की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करून घ्यावेत. रविवर्म्यांनी दहा वर्षांनी, 1894 मध्ये, मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केलं.

या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या आणि तिथे पुन्हा हात फिरला. लोकांनी छापील देवीला खऱ्या कापडाची साडी नेसवली, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवले. असे सजवलेले ओलिओग्राफ आज संग्राहक जपून ठेवतात. त्यातली एखादी तसबीर बाजूच्या उजेडात धरून पाहावी. चेहरा आणि हात सपाट छापाचे, पण निऱ्या मात्र उठून सावली टाकतात. मूळ चित्र एकाचं, साजशृंगार दुसऱ्याचा, हे तिथे लख्ख दिसतं.

फोटो स्टुडिओंनी हेच केलं. कृष्णधवल फोटो मोठा करून त्यावर रंग चढवायचा: पगडी लाल, शालीचा काठ सोनेरी, कपाळावर कुंकू. माजघरातल्या आजोबा-पणजोबांच्या कितीतरी तसबिरी अशाच घडल्या. त्यांना कुणी नकली म्हटलं नाही. 1990च्या दशकात इंकजेट यंत्रं चित्रांच्या प्रती काढू लागली, कॅनव्हासवरही छापू लागली, आणि एगिंटनची वाट पुन्हा मोकळी झाली.

रंगवायचंच तर नीट रंगवावं. मागे दुमडलेल्या कडेवर ओला कापूस फिरवा. शाई सुटली तर आधी फवाऱ्याचं वार्निश हवं. मग ॲक्रिलिक जेलमध्ये रंग पातळ करून थर द्या. छाप खालून दिसत राहायला हवा. ॲक्रिलिकवर तैलरंग बसतो, तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही. उजळ जागी, लाटेच्या फेसावर किंवा झावळीच्या कडेवर जाड रंग द्या, सावल्या पातळ ठेवा. नागावसारख्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्यात पाठीमागे बुरशी धरते; म्हणून चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून चित्र भिंतीपासून सुटं ठेवावं.

राहिला हक्काचा प्रश्न. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याचा हक्क राहतो. रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं खुली आहेत. हयात चित्रकाराचं चित्र मात्र परवानगीवाचून छापूही नये, रंगवूही नये.

खोटेपणा कुंचल्यात नसतो, लपवण्यात असतो. म्हणून छापावर जरूर रंगवा, आणि पाठीमागे स्वच्छ अक्षरात लिहा: मूळ चित्र कुणाचं, छाप कोणत्या साली काढला, वरचं रंगकाम कुणाचं. एवढ्या तीन ओळी लिहिल्या की ते चित्र ताठ मानेने भिंतीवर लावावं.