पोखरा–जोमसोम हवाई मार्ग : अंतर व उड्डाणकाळ

नेपाळच्या गंडकी प्रदेशातील देशांतर्गत हवाई मार्ग. दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ७० किमी. उड्डाणकाळ साधारण २० मिनिटे. बेनीवरून जाणारा रस्ता दीडशे किमीहून लांब असून जीपला आठ-दहा तास लागतात. जोमसोमच्या मुस्तांग जिल्ह्याचे रहिवासी, गिर्यारोहक आणि मुक्तिनाथाचे यात्रेकरू हे येथील मुख्य प्रवासी. यात्रेकरूंत महाराष्ट्रातील भाविकही असतात. आपल्या देवघरांत पूजला जाणारा शाळिग्राम याच भागातून वाहणाऱ्या काली गंडकी नदीच्या पात्रातला.

सरळ अंतर येथे नावापुरतेच. मध्ये अन्नपूर्णेची रांग आडवी असल्याने विमान आधी पश्चिमेकडे घोडेपाणीच्या खिंडीवरून जाते, काली गंडकीच्या खोऱ्यात शिरते आणि नदीच्या उगमाच्या दिशेने उत्तरेकडे वळते. डावीकडे धौलागिरी (८,१६७ मी.), उजवीकडे अन्नपूर्णा (८,०९१ मी.), जगातील अत्यंत खोल दऱ्यांपैकी ही एक. पोखरा सुमारे ८०० मी. उंचीवर, तर जोमसोम २,७३६ मी.वर आहे. तेथील धावपट्टी आखूड असल्याने थोड्या जागेत चढू-उतरू शकणारी ट्विन ऑटरसारखी लहान विमाने वापरतात. वैमानिक डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून मार्ग काढतो. खिंड ढगांनी झाकली की उड्डाण होत नाही.

वेळापत्रकावर खरी सत्ता वाऱ्याची. सूर्य चढला की उत्तरेकडील उंच, कोरडा प्रदेश तापतो, तेथील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी दक्षिणेकडची हवा या अरुंद दरीतून जोराने वर ओढली जाते. दुपारी हा वारा इतका वाढतो की विमान उतरवणे धोक्याचे ठरते. म्हणून उड्डाणे सकाळीच उरकतात. सकाळ ढगांत गेली तर तो दिवसच गेला.

हा मार्ग अपघातांसाठीही ओळखला जातो. १४ मे २०१२ रोजी जोमसोमजवळ १५ जण, २४ फेब्रुवारी २०१६ रोजी २३ जण, तर २९ मे २०२२ रोजी २२ जण मृत्युमुखी पडले. २०२२च्या मृतांत चार भारतीय होते. ही तिन्ही विमाने पोखऱ्याहून जोमसोमला निघाली होती. म्हणून हवामानापायी रद्द झालेल्या उड्डाणाबद्दल कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालणे सर्वथा गैर.

२० मिनिटांत शरीर सुमारे १,९०० मी. उंच नेले जाते, आणि मुक्तिनाथ ३,७०० मी.हूनही वर आहे. त्याच दिवशी घाईने दर्शन उरकण्याऐवजी, विशेषतः वयस्करांनी, जोमसोम किंवा जवळच्या मार्फा गावी एक मुक्काम करावा. नेपाळची घड्याळे भारताच्या १५ मिनिटे पुढे असतात, हेही सकाळच्या विमानासाठी ध्यानात ठेवावे. परतल्यावरच्या पुढील प्रवासाचे तिकीट काढताना हाताशी किमान एक दिवस मोकळा ठेवावा.