रोज तळ दाखवणाऱ्या विहिरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याला कात्रजनं पाणी पाजलं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथं तलाव बांधला गेला आणि दगडी, भुयारी नळातून त्याचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पोचलं. तहान लागण्याआधी पाण्याची सोय करणं हा माणसाचा शहाणपणा. पण जिथं असा तलाव नाही, नळ नाही, पाऊस रुसलेला आहे आणि आसऱ्याला आलेल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली आहे, तिथं काय करायचं? आपल्याच जिल्ह्यात, पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला एका बाईपुढं हा प्रश्न उभा राहिला होता. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या, विदुषी होत्या, विधवांसाठी झटल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्यांची प्रार्थना मात्र आपण सहसा वगळतो. पुरोगामी मंडळींना ती अडचणीची वाटते आणि इतरांना परकी. पण ती वगळली, तर रमाबाई अर्ध्याच कळतात.

या प्रार्थनेची सुरुवात भुकेत आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायको-मुलांना घेऊन तीर्थामागून तीर्थ करायचे, पुराणं सांगायचे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या कुटुंबानं जवळचं होतं नव्हतं ते विकलं, दानधर्म केला, व्रतं केली, देवाचा धावा केला. शेवटी अकरा दिवस पाणी आणि झाडपाल्यावर काढले. थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि त्यांचे भाऊ. १८९७ मध्ये या दिवसांबद्दल लिहिताना रमाबाईंनी एक गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे: आम्हाला पोथ्यांखेरीज काही येत नव्हतं, अंगमेहनतीचं काम करणं जमत नव्हतं आणि भीक मागणंही शक्य नव्हतं.

जिच्या डोळ्यांदेखत घरच्यांचा धावा वाया गेला, त्या मुलीनं पुढं आयुष्यभर प्रार्थनेवर विसंबून राहावं, हे कोडंच आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. तिथं त्या आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत. दार उघडं असे. ज्या मुलींना वाटे त्या आत येऊन बसत. या उघड्या दारावरून पुण्यात वादळ उठलं. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी नव्हती. लहान मुलींवर एका मोठ्या बाईच्या श्रद्धेचा परिणाम होणारच. आणि दार लावून घ्यायला तयार नसलेल्या रमाबाईही खोट्या नव्हत्या. इतिहासात पुष्कळदा दोन्ही बाजू खऱ्या असतात.

त्याच काळात त्यांच्या वाचनात जॉर्ज म्यूलरचं चरित्र आलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात या माणसानं दोन हजारांवर अनाथ मुलांची सोय उभी केली. वर्गणीसाठी कुणाच्या दारी जायचं नाही, गरज फक्त देवाला सांगायची, हा त्याचा नेम. हिंदुस्थानात असं घडेल का, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घर करून राहिला.

उत्तराची वेळ लवकर आली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या मुलींत त्यांना आपलं बालपण दिसलं असलं पाहिजे. त्यांनी शेकडो मुली गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. मग केडगावच्या शेतावर मुक्काम हलला आणि त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली आल्या आणि वस्ती एकोणीसशेच्या वर गेली. शिवाय शंभरावर गुरं.

आणि पाणी? रमाबाईंनीच लिहून ठेवलंय की विहिरी रोज पार उपसल्या जात. संध्याकाळी तळ दिसे आणि उद्याचं पाणी कुठून यायचं, असा प्रश्न पडे. सकाळी पुन्हा पाणी आलेलं असे आणि ते दिवसभर पुरे. त्यांच्या लेखी हे प्रार्थनेचं उत्तर होतं. भूगर्भशास्त्र जाणणारा म्हणेल, रात्रीतून झऱ्यांचं पाणी साचलं. म्हणू द्या. मला महत्त्वाची वाटते ती संध्याकाळ. विहिरीचा तळ दिसत असताना दारात आलेल्या मुलीला ‘आता जागा नाही’ असं सांगायचं नाही, याला मी विश्वास म्हणतो. सकाळचं पाणी ही त्यापुढची गोष्ट.

आमच्याकडे याला ‘तवक्कुल’ म्हणतात. पैगंबरसाहेबांची एक शिकवण लहानपणीच कानावर पडते: आधी उंट बांध, मग अल्लाहवर हवाला ठेव. रमाबाईंनी उंट बांधला होता. मुक्ती सदनात मुली शेती शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. संस्थेची पत्रिका इंग्रजीत निघे आणि परदेशातल्या वाचकांपर्यंत गरजा पोचत. पैसा आभाळातून पडला नाही, माणसांच्या हातून आला. पण प्रार्थना हे त्यांचं कामापासून पळणं नव्हतं. पोथीपलीकडे काही न येणाऱ्या मुलीनं हजारो मुलींना हातानं कमवायला शिकवलं. आई-वडिलांच्या वाया गेलेल्या धाव्याला तिनं दिलेलं हे उत्तर आहे, असं मला वाटतं.

सगळ्याच प्रार्थनांना मनासारखं उत्तर मिळालं नाही. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. काम पुढं तिच्या हाती सोपवायचं होतं. रमाबाईंनी तेव्हाही हातातलं काम सोडलं नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्या बायबल आणत होत्या. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. देवाशी बोलायचं तर घरच्या भाषेत, हा त्यामागचा विचार माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्याला फार जवळचा वाटतो.

केडगावची संस्था आजही चालू आहे. पाण्यासाठी तलाव बांधावेत, नळ टाकावेत, पावसाचा हिशेब ठेवावा, हे कात्रज शिकवतं. हिशेब संपला तरी दार बंद करू नये, हे केडगाव शिकवतं. दोन्ही धडे एकाच जिल्ह्यात मिळतात, हे आपलं भाग्य म्हणायचं.