वेळूचें घड्याळ

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत वेळूवांचून कोणाचाही संसार चालत नाहीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पावसाळ्यांत जमिनींतून वर येणारा त्याचा कोंवळा कोंब 'वास्ते' या नांवानें भाजींत पडतो. जून बांबूच्या कामट्यांचीं सुपें व टोपल्या होतात. घराचा कूड त्याचा, वावराचें कुंपण त्याचें, आणि अखेरची तिरडीही त्याचीच. असा हा जन्माचा सोबती. पण त्याच्या स्वतःच्या जन्ममरणाचें गणित मनुष्यास फार उशिरां कळूं लागलें. तें गणित काय आहे, आणि काचेच्या नळींत वाढविलेल्या रोपानें त्यांत कोणता फरक पडला, याचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वेळू हें वस्तुतः गवत होय. या भागांतील जंगलांत मुख्यतः जी जात आढळते तिला मानवेल म्हणतात. मानवेलीची एक रांजी वर्षांमागून वर्षें नवे कोंब देत राहते. परंतु फुलोरा तिला बहुधा आयुष्यांत एकदांच येतो, आणि तोही कित्येक दशकांनंतर. पुष्कळदां एका टापूंतील सगळ्या रांज्या एकाच सुमारास फुलतात, बीजाचा सडा पडतो, आणि मग रांजीमागून रांजी उभ्याउभ्या वाळून जाते. मिझोराममधील बांबूच्या एका जातीचा हा फेरा सुमारें ४८ वर्षांचा आहे. १९११, १९५९ व २००७ या सालीं तो आला. बीज खाऊन माजलेल्या उंदरांनीं शेतें फस्त केलीं, आणि १९५९ च्या फेऱ्याबरोबर तेथें दुष्काळ पडला. ज्याच्या घरीं फूल हेंच सुतकाचें चिन्ह, असा हा विलक्षण वंश आहे!

रोपवाटिकेच्या दृष्टीनें हें गणित मोठें अडचणीचें. बीज हवें तेव्हां मिळत नाहीं, आणि मिळालें तर फार दिवस टिकत नाहीं. कंद खणून लावावे, तर ते जड व थोडे, आणि खणतांना मूळ रांजीस इजा होते ती निराळीच. जोंपर्यंत बुरुडाचा कोयता व गांवाची गरज एवढीच वेळूवर मागणी होती, तोंपर्यंत या अडचणीचा विचार करण्याचें कारण पडलें नाहीं. १९४५ सालीं बल्लारपूर येथें कागद गिरणीची कंपनी निघाली; वेळूच्या लगद्याचा कागद होऊं लागला, आणि एकेका नगानें मोजला जाणारा वेळू टनांनीं मोजला जाऊं लागला. शिवाय १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें या गवतास 'झाडां'त गणलें होतें. त्यामुळें जंगलाशेजारीं जन्म घालविलेल्या माणसासही तो नेण्यापूर्वीं परवान्याची वाट पाहावी लागे.

दुसरीकडे, या वनांपासून फार दूर, एक निराळाच विचार आकार घेत होता. १९०२ सालीं हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें असें अनुमान मांडलें कीं, वनस्पतीच्या एकेका पेशींत संपूर्ण वनस्पति होण्याचें सामर्थ्य असलें पाहिजे. त्याचे स्वतःचे प्रयोग फसले, पण अनुमान टिकलें. १९५७ सालीं स्कूग व मिलर यांनीं दाखविलें कीं, दोन संप्रेरकांचें प्रमाण बदललें असतां एकाच ऊतीपासून कधीं मूळ फुटतें, तर कधीं अंकुर. पुढें दिल्ली विद्यापीठांत १९८२ च्या सुमारास कांटेरी कळकाच्या बीजापासून ऊतिसंवर्धनानें भ्रूण तयार करण्यांत यश आलें.

कृति सांगावयास सोपी आहे. चांगल्या रांजीच्या फांदीचें डोळा असलेलें पेर कापावयाचें, औषधानें धुऊन निर्जंतुक करावयाचें, आणि साखर, क्षार व संप्रेरकें घातलेल्या पोषकावर काचेच्या भांड्यांत ठेवावयाचें. डोळ्यांतून अंकुर निघाला, कीं त्याचे गुच्छ वेगळे करून पुनः लावावयाचे. असें एकाचे अनेक होतात. मग मुळें फुटवून रोपास सावलींत हळूहळू बाहेरच्या हवेची संवय लावावयाची. करावयास मात्र ती कठीण, कारण रानांतून आणलेल्या पेरांत जंतु दडलेले असतात, आणि भांड्यांत रोपाआधीं बुरशीच वाढूं लागते.

या इतिहासांतील सर्वांत नवलाचें पान पुण्यास लिहिलें गेलें. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील नाडगौडा, पराशरामी व मस्करेन्हास यांनीं १९९० सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें कीं, नारळाचें पाणी व सायटोकायनिन घातलेल्या पोषकांत वाढविलेल्या बांबूच्या कोंवळ्या रोपांस नळींतच फुलें आलीं, आणि त्यांस बीजही धरलें. जें पाहावयास रानांत एक पिढी थांबावें लागे, तें कांहीं महिन्यांत टेबलावर घडलें! दोन जातींचा संकर करूं इच्छिणाऱ्या संशोधकास हें वरदानच होय.

परंतु संशोधकाचें वरदान तें शेतकऱ्याचें संकट होऊं शकतें, हें विसरतां कामा नये. शेतकऱ्यास लवकर फुलणारा वेळू नको आहे. त्यास फुलण्याचें विसरलेला वेळू हवा आहे. येथेंच खरी मेख आहे. बीजापासून झालेलें रोप आयुष्याचा आरंभ नव्यानें करतें, पण तें कसें निपजेल याची हमी नसते. उलट, निवडक जुन्या रांजीच्या पेरापासून केलेलें रोप आईचे गुण घेऊन येतें, आणि त्याबरोबर आईचें वयही. रोप दिसावयास वीतभर असलें, तरी त्याच्या आंतील घड्याळ आईच्याच वेळेवर चालत असतें. अशा एकाच रांजीचीं हजारों रोपें गांवोगांव लागलीं, तर तीं सर्व एकाच सुमारास फुलून मरण्याचा धोका उरतो.

हा प्रश्न आतां पुस्तकी राहिलेला नाहीं. २०१४ सालीं चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथें बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापण्याचें ठरलें. २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन वनाबाहेर लावलेला बांबू 'झाडां'तून वगळला गेला. २०१९ सालीं राज्य सरकारनें ऊतिसंवर्धित रोपें शेतकऱ्यांस सवलतीनें देण्याची अटल बांबू समृद्धि योजना काढली. अशा रीतीनें नळींतील रोप बांधावर आलें.

वनांतील कथा मात्र निराळी आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ सालीं १८०० हेक्टरांहून अधिक वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. त्या रानांत उणीव होती ती रोपांची नव्हे, तर अधिकाराची. वणवा, चराई व अविचारी तोड यांपासून राखलें, तर फुलोऱ्यानंतर पडलेल्या बीजांतून वेळू आपलें रान आपण उभें करतो. त्यास काचेच्या नळीची गरज नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, नळीचें रोप बांधावर लावावें आणि रानाचा भार हलका करावा. परंतु तें देणाऱ्यानें त्याची कुळकथाही द्यावी. आई कोणती, कोठली, आणि शेवटीं केव्हां फुलली, एवढें तरी शेतकऱ्यास कळलें पाहिजे. सोयरीक जुळवितांना आपण घराण्याची चौकशी करतों. ज्याच्याशीं सबंध पिढीचा संसार करावयाचा, त्याची जन्मवेळ विचारण्यास लाजण्याचें कारण काय?