कमाटीबागेतल्या कोऱ्या भिंती

साल 1914. बडोदं. टांगा तुम्हाला कमाटीबागेच्या फाटकाशी सोडतो. टांगेवाल्याशी गुजरातीत हिशेब होतो, आत भेटणारा कारकून मराठीत चौकशी करतो. या शहराचा बाजार आणि दरबार असेच नांदतात. जुनं म्यूझियम 1894 पासून लोकांना खुलं आहे. तुम्हाला बघायची आहे ती शेजारची नवी पिक्चर गॅलरी. 1908 साली सुरू झालेलं तिचं काम नुकतं संपलंय. आत शिरा. ओल्या चुन्याचा वास, उंच भिंती आणि भिंतींवर काही म्हणजे काही नाही.

चित्रं अजून युरोपात आहेत. इंग्रज कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्या सल्ल्याने सयाजीराव महाराजांनी ती जमवलीत. पण महायुद्ध पेटलं आणि पाणबुड्यांच्या समुद्रातून ती आणणार कोण?

युद्ध संपायला 1918 उजाडतं. त्याच साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ घरंच्या घरं ओस पाडते. गॅलरीचं दार बंदच.

आता 1921 मध्ये या. दार उघडलंय. तुम्ही इथल्याच कलाभवनाचे विद्यार्थी, काखेत ड्रॉइंगची वही. सिनेमावाले फाळके तुमच्याच संस्थेत शिकून गेले. युरोपची चित्रं तुम्ही आजवर पाहिलीत ती पुस्तकात, काळ्या शाईत. आज एका जुन्या तैलचित्रापुढे उभे आहात. लांबून बाही अस्सल मखमलीची. जवळ जा, आणखी जवळ. मखमल कुठेच नाही. तपकिरीवर ओढलेले चार फटकारे, एकावर लाल रंगाचा पातळ हात. डोळ्यातली चमक म्हणजे तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. पिवळ्या पडलेल्या वार्निशखाली बारीक भेगांची जाळी. छापील पानाने यातलं काहीच तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन पावलं मागे सरका: बाही पुन्हा मखमलीची.

महाराजांना ही चित्रं आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात, रविवर्म्याच्या चित्रांशेजारी लावता आली असती. कवळाण्याहून दत्तक आलेल्या या राजाने 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बागेत फिरायला येणाऱ्यांसाठी युरोपची चित्रं मांडणं हे मला त्याच कामातलं वाटतं. ज्याला बोटीचं भाडं कधीच परवडणार नाही, त्या मुलासाठी ही गॅलरी आहे. तुमच्यासाठी.

मागून गर्दी रेटतेय. भिंतीकडेला बसा, वही उघडा. चेहऱ्याचं धाडस आज नको, बाहीच घ्या.